पेट्रोल कुठे जातं?

पंपावर पेट्रोलचा वास आला की साठ सालच्या सुमाराचा तो रविवार आठवतो. यांची नोकरी तलासरीला, घर डहाणूला. मोटरसायकल असूनही घरी यायला रोज उशीर व्हायचा. विचारलं की म्हणायचे, "वाटेत पेट्रोल संपलं." माझा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून त्या रविवारी सुट्टी असूनही त्याच वाटेने गाडी काढायला लावली आणि मीच मागे बसले.

कोसबाडच्या चढावर गाडी खरंच बंद पडली. कार्बोरेटरखाली ओलं झालं होतं. यांनी तो उघडून आतला पितळी फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी पोकळ डबी, माझ्या कानाशी हलवला. आत पेट्रोल डुचमळलं.

"भोक पडलंय! हा तरंगतच नाही, म्हणून पेट्रोल येणं थांबत नाही आणि गळतं." मग हसून म्हणाले, "आणि मी समजत होतो, तुझा भाऊ काढून नेतो!"

भाऊ आमच्याकडेच राहायचा. मी रागाने तरातरा पायी निघाले. आता वाटतं, त्यांनी संशय निदान बोलून तरी दाखवला; मी माझा मनातच ठेवला होता.