फिशपॉन्डची पेटी आणि मी

आमच्या कॉलेजची चार टाळकी कुठल्याही लग्नात एकत्र आली की पानात वरण पडायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "अबे, तो फिशपॉन्ड आठवते का?" झालं सुरू! दरवर्षी दोनचार किस्से नवे जोडले जातात, जुने फुगतात. सगळे हसतात. मीही हसतो, पण मान खाली घालून. कारण यातल्या बहुतेक किश्श्यांत माती मीच खाल्ली आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाशीमच्या बाहेर, सोयाबीनच्या वावरांच्या मधोमध आमचं कॉलेज. गॅदरिंगच्या आधी ऑफिसबाहेर एक पेटी ठेवायचे. कोणावरही टोमणा लिहायचा आणि आपलं नाव न घालता चिठ्ठी टाकायची. गॅदरिंगला त्या चिठ्ठ्या माइकवर वाचायचे. ज्याच्यावर असेल त्याने हसत स्टेजवर यायचं आणि टोमण्याला शोभेल असं बक्षीस घ्यायचं. रडलास तर मेलास!

*

फर्स्ट इयरला मी जऊळक्याहून रेल्वेने यायचो. पॅन्ट मोठ्या भावाची, बेल्ट बाबांचा. गॅदरिंगला माझ्यावर वाचलं, "पॅन्ट भावाची, बेल्ट बापाचा, मंग ह्याच्यात ह्याचं सोताचं काय?" बक्षीस, एक हँगर!

हॉल नुसता दणाणला. मी हसलो, सगळ्यांना हात जोडले आणि मागच्या नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो. तिथेच ठरवलं, पुढच्या वर्षी आपण पेटीच्या त्या बाजूला. अक्कल बघा! ज्या दगडाने डोकं फुटलं तोच उचलून घरी आणला.

*

सेकंड इयरला मी आणि अनसिंगचा प्रवीण, दोघंही कमिटीत. पहिला बळी केमिस्ट्रीचे सर. प्रॅक्टिकलला खुर्चीत डुलक्या काढायचे, म्हणून त्यांना अलार्मचं घड्याळ दिलं. सर पोट धरून हसले.

सोमवारी तेच घड्याळ त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "बारा वाजता वाजन. तोवर मी झोपतो, तू शिकव."

वर्गासमोर उभं राहून चाळीस मिनिटं मी टायट्रेशन शिकवलं. मला टायट्रेशन येत नव्हतं! आणि सर खरंच झोपले.

*

एनएसएसचं शिबिर एका खेड्यात होतं. पहिल्याच दिवशी मी ग्रामपंचायतीसमोर स्वच्छतेवर भाषण ठोकलं. चांगलं अर्धा तास. आमची पोरं खाली बसून कागदी प्लेटांत पोहे खात होती आणि प्लेटा तिथेच टाकत होती. भाषण संपलं तशी एक म्हातारी उभी राहिली. मला वाटलं, आभार मानते.

"बापू, झालं असन त उतर खाली. मले झाडाचं हाये. सकाळी झाडलं होतं, तुमी आले न घाण झाली!"

कान लाल झाले माझे. खराटा मागितला तर तिने दिला नाही. "राहू दे, तुह्यानं होत नाई."

प्रवीण अजून फोनवर हाच डायलॉग मारतो.

*

लता राठोड आमच्या वर्गातली, मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची. फारशी बोलायची नाही. ट्रॅडिशनल डेला आम्ही सगळे भाड्याच्या फेट्यांत मिरवत होतो आणि ही आरसे-कवड्या लावलेला बंजारा पोशाख घालून आली. काय दिसत होता तो! मी मोठ्या हुशारीने विचारलं, "कोण्या दुकानातून आणला? आमाले बी सांग ना."

"दुकान नाई," ती म्हणाली. "माय ह्याच्यावरच नांदाले आली होती."

प्रवीणने माझ्या पायावर पाय दिला. तरी मी बोललोच, "मंग धुतला होता ना?"

असं वाटतं, सुई-दोरा घ्यावा आणि आपलं तोंड शिवून टाकावं.

*

आता शेवटचा. हा लग्नात कोणी काढत नाही.

थर्ड इयरचं गॅदरिंग. लता दिवाळीला गेली की थेट संक्रांतीनंतर उगवायची. मला वाटायचं, मजा आहे बुवा हिची! चिठ्ठी मीच लिहिली, मीच वाचली. "दिवाळीले जाते, संक्रांतीनंतर येते, अशी आपल्या कॉलेजची पाव्हणी!" मग पाहुण्यांचा करतात तसा स्टेजवर तिचा सत्कार केला. गळ्यात हार, हातात नारळ. हॉल हसून हसून बेजार. पहिल्या रांगेतले प्राचार्य मात्र हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हजेरीपट मागवला. लता दर हिवाळ्यात मायबापांसोबत ऊसतोडीला जाते, हे फक्त केमिस्ट्रीच्या सरांना ठाऊक होतं. तेच तिची प्रेझेंटी लावत होते. सरांना नोटीस मिळाली आणि लताचा परीक्षेचा फॉर्म अडला.

"एक वर्ष गेलं की असी पोरगी परत येत नसते," सर मला एवढंच म्हणाले. त्यांनी दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी प्राचार्यांच्या पाया पडलो. त्यांनी मुदत दिली. उद्या पाचच्या आत गैरहजेरीबद्दल घरच्यांचं पत्र आणि फॉर्मवर तिची सही, नाहीतर वर्ष गेलं. गॅदरिंगनंतर ती कॉलेजला आलीच नव्हती, फोनही बंद. प्रवीणच्या गाडीवर आम्ही तांडा गाठला.

मायबाप अजून उसातच होते. घरी लता आणि तिचे आजोबा. मी फॉर्म कशासाठी ते सांगितलं. तिने मान वर न करता सही केली. आजोबांनी पत्रावर अंगठा दिला. माफी मागायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आजोबा उठून आत गेले आणि देवापुढचा नारळ घेऊन आले.

"कालेजात सत्कार झाला ना पोरीचा! सगळ्यायसमोर नाव पुकारलं म्हणे. पास झाली का फोडू म्हनलं होतं. पन आता कालेजचे मानसं घरी आले, मंग कायले थांबाचं?"

दारासमोरच्या दगडावर त्यांनी नारळ फोडला. सगळ्यात मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो धरून तसाच उभा राहिलो.

लताने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"खा ना," ती म्हणाली. "तुमीच त देल्ला."