भिवादादा आणि काळा स्पंज

भिवादादांना कुणी पाण्याचा पेला दिला, की ते आधी हुंगत. पावडरीचा वास आला तरच पीत. "वास नाय तर भरवसा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आटगावजवळच्या आमच्या गावात ते ग्रामपंचायतीचे पाणीवाले. वीस वर्षं विहिरीत जंतुनाशक पावडर टाकत आलेले. आजूबाजूच्या पाड्यांवर जुलाबाची साथ यायची, आमच्याकडे कधी नाही, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. मी शेजारच्या खोलीत भाड्यानं राहणारी शाळेतली बाई. माझ्याही माठाचं झाकण उघडून ते खुशाल हुंगून जात.

त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. दिवसभर नुसत्या आढ्याकडे बघत. डोंबिवलीला दिलेल्या मुलीनं माशांची काचेची पेटी आणून खाटेसमोर ठेवली, आणि वहिनींचे डोळे हलले. मासा डावीकडे गेला की डोळे डावीकडे. दादा बाहेर ओट्यावर येऊन रडले.

पण मासे टिकेनात. पेटीसोबतचा विजेवरचा फिल्टर भारनियमनात तासन्‌तास बंद पडे. दादांनी दुसरा आणला, खडीखाली बसणारा. त्याचीही तीच गत. शेवटी मी त्यांच्याबरोबर कल्याणच्या दुकानात गेले.

"एवढ्या पेटीला साधा स्पंजचा फिल्टर बरा," दुकानदार म्हणाला. "हवेचा पंप बॅटरीवरचा घ्या. स्पंज काळा होईल, होऊ दे. त्यातले जंतू माशांची घाण खातात. पेटीतलंच थोडं पाणी काढून त्यात हलका पिळायचा. पावडर अजिबात नको."

"जंतू पाळायचे?" दादांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं.

फिल्टर उत्तम निघाला. पंधरा दिवस सात मासे मजेत होते. मग एका सकाळी सातही उताणे. दादा मोरीशी बसले होते, हातात आदल्या रात्री धुऊन पेटीत परत बसवलेला पिवळाधमक स्पंज, आणि त्याला पावडरीचा वास.

"काळा झालता ओ बाई. तिच्या तोंडासमोर घान. मला ऱ्हावलं नाय."

मला राग आला होता, पण काढणार कुणावर? वीस वर्षं याच हातांनी गाव जगवलं होतं. नवे मासे आणले तेव्हा दादाच म्हणाले, "माझ्या हातांचा काय नेम नाय. तुमीच पिळा."

दर दुसऱ्या रविवारी मी स्पंज पिळू लागले. वर्षभर वहिनींचे डोळे माशांमागे फिरत राहिले. जूनमध्ये माझी बदली मुरबाड तालुक्यात झाली, पार सिद्धगडाच्या पायथ्याला. जाण्यापूर्वी दादांना सगळं पुन्हा समजावलं. हात पाठीमागे धरून ते ऐकत होते.

"ऱ्हाता नाय येनार का?" त्यांनी एवढंच विचारलं. बदलीचा हुकूम माझ्या हातात थोडाच होता!

दिवाळीच्या सुट्टीत गेले, तर खाटेसमोर पेटी नव्हती. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. जाग्याच होत्या.

"सतरा दिवस हात आवरला, बाई," दादा म्हणाले. "मग नाय आवरला."