भिंतीतली तांब्याची भांडी

मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच्या पुढच्याच वर्षी माझ्या नवऱ्याची नेमणूक उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावातल्या शाळेवर झाली. निजामाच्या राज्यात तिथलं शिक्षण उर्दूतून चालायचं. आता मराठी शिकवायला माणसं हवी होती आणि तिकडं जायला फारसं कुणी तयार नव्हतं. हे तयार झाले. मला विचारलं नाही. आमच्या कोकणातल्या घरी ओटीवर बसून सगळ्यांना सांगितलं, "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात माझे वडीलही होते.

ते गाव मला परदेशच होतं. भाषा मराठी म्हणायची, पण निम्मी मला कळायची नाही. बायका आपसांत कानडी बोलत, माझ्याशी बोलायला मराठीवर येत आणि मी तोंड उघडलं की पदर तोंडाला लावून हसत. मी साधं 'हो' म्हटलं तरी हसत. मला 'व्हय' म्हणता येईना, आणि खरं सांगायचं तर म्हणायचं नव्हतंही. जेवणात रोज ज्वारीची भाकरी. माझी भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत मोडायची. हे मुकाट्यानं तुकडे खायचे आणि वर म्हणायचे, "जमेल हळूहळू." त्या 'जमेल'चा मला फार राग यायचा.

घर गावातल्या एका अडत व्यापाऱ्याचं होतं, गाव त्याला शेट म्हणायचं. शाळेच्या कमिटीत तोच पुढारी, म्हणून मास्तरांसाठी त्यानं ते उघडून दिलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. म्हणजे कौलं नाहीत, उतार नाही, लाकडी तुळयांवर फळ्या टाकून त्यावर मातीचा सपाट थर. उन्हाळ्यात घर गार राहतं असं सगळ्यांनी सांगितलं. आम्ही आलो तेव्हा पावसाळा सरला होता, त्यामुळं पावसात काय होतं ते कुणी सांगितलं नाही.

ते कळलं मार्गशीर्षात. थंडी पडली होती, ज्वारीची कणसं दुधात आली होती, हुरड्याच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि एका दुपारी आभाळ भरून आलं ते हटेचना. जोराचा पाऊस नव्हे. बारीक, गार, चिकट झड. आमच्या कोकणात पाऊस कोसळतो, पण कोसळून मोकळा होतो. हा नुसता वर बसून राहिला. गावातली काळी माती चपलेला अशी धरून बसे की चप्पल तिथंच सोडावी लागे. अनवाणी चालावं तर थंडीनं पाय बधिर. गोवऱ्या ओल्या, तुराट्या ओल्या. चूल फुंकून फुंकून माझे डोळे सुजले. धुतलेलं लुगडं दिवसचे दिवस दांडीवर लोंबायचं आणि त्याला कुबट वास यायचा. उमरग्याहून येणारी मोटार ओढ्यापलीकडूनच परत जायची, त्यामुळं टपाल बंद. माळवद आधी एका कोपऱ्यात गळायला लागलं, मग जिथं बघावं तिथं. पातेली, परात, तांबे, होतं नव्हतं ते सगळं मी जमिनीवर मांडून ठेवलं. पाणीही गढूळ यायचं, छपराची माती घेऊन.

हे मात्र खूश असायचे. डोक्यावर पोतं घेऊन शाळेत जायचे, गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायचे आणि म्हणायचे, "माणसं फार चांगली आहेत गं इथली."

"तुमच्याशी असतील. माझ्या घरात अजून एका बाईनं पाऊल टाकलेलं नाही."

हे खरं होतं. शेजारी एक बाई होती, तिला सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायची. कपाळाला भस्म, आवाज मोठा, मनानं मोकळी. कुंपणावरून तुरीच्या शेंगा द्यायची, माझ्या भाकरीची चेष्टा करायची. पण "आत या ना" म्हटलं की "व्हय, येते की" म्हणायची आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहायची. मला वाटायचं, मी परकी म्हणून. रात्रंदिवस तेच मनात घोळवायची मी.

थंडी वाढली तशी मला वाकळ शिवून घ्यायची होती. अक्कानं एका बाईला पाठवलं. साठीच्या आसपासची, अंगानं काटक, पांढरी ओढणी कानामागं घट्ट खोचलेली. गाव तिला बूबू म्हणायचं. ती भावाच्या घरी राहून लोकांच्या वाकळी शिवायची. मी जुनी लुगडी काढली, आत बोलावलं. ती आली नाही. बाहेर भुरभुर चालू होती आणि ती दाराच्या पायरीवर बसली. ओढणी भिजत होती.

"अहो, आत बसा. भिजताय."

"नक्को बाई. हितंच बरं हाय."

ती रोज यायची, त्याच पायरीवर बसून टाके घालायची. फार सुंदर टाके होते तिचे, बारीक आणि सरळ. आम्ही थोडं थोडं बोलायला लागलो. त्या गावात मला खरोखर बोलायला मिळालेली ती पहिली बाई. कोकणातल्या समुद्राबद्दल मी सांगितलं की ती सुई थांबवून ऐकायची. एका सकाळी आतून धुराचा लोट आला आणि मी खोकत बाहेर आले, तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "चूल पल्याडच्या भितीला मांडा बाई. साण्यातनं धूर जातुया सगळा."

साणं म्हणजे छपरातलं धुराचं भोक. ते पायरीवरून दिसत नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

तिनं सुईला दोरा गुंडाळला आणि उठून गेली.

मी अक्काला कुंपणाशी गाठलं. अक्कानं आधी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिचंच घर हाय की ते. निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनच्या टायमाला तिचा मालक गेला, दीर गेला. ती पळाली ती कर्नाटकात. माघारी आली तर घर शेटकडं."

"शेटकडं कसं?"

"आता कसं म्हंजी? हाय त्येच्याकडं." मग म्हणाली, "आमी लई जेवलाव बाई त्या घरात. ईदीला. आता आत जायाला पाय उचलत न्हाय."

म्हणजे कुणी माझ्या घरी येत नव्हतं ते माझ्यामुळं नव्हतंच. इतके महिने मी स्वतःला परकी परकी म्हणून कुढत बसले होते आणि गावाच्या हिशेबात मी धरलेलीच नव्हते. मी संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांना माहीत होतं. कमिटीतल्या कुणीतरी कधीच सांगितलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? तुला राहायचं तर इथंच होतं."

झड वाढली. एका सकाळी हे शाळेला निघायच्या बेतात असताना मागच्या खोलीत धप्प असा आवाज झाला. भिंत आतून फुगली होती, तिचा मोठा पोपडा खाली आला होता. मातीच्या ढिगात काहीतरी चमकत होतं. आम्ही दोघांनी माती उपसली. भिंतीत एक खोल कोनाडा होता, पुढून दगडमातीनं बुजवलेला. त्यात तांब्याची भांडी. एक मोठी देग, एक तोटीचा लोटा, ताटं, एक पानदान. हिरवी पडली होती, पण शाबूत होती. पानदानात कात वाळून दगड झाला होता.

मी म्हटलं, "ही बूबूची. मी तिला बोलावते."

"थांब," हे म्हणाले. "घर शेटचं आहे. आधी त्यांना कळवायला हवं."

"शेटनं पुरली होती का भिंतीत?"

"आपण इथले नाही. उद्या बदली झाली की निघून जाणार. आपल्याला कशाला?"

"तुम्हीच म्हणता ना माणसं चांगली आहेत? मग भिता कशाला?"

ते उठले. छत्री घेऊन बाहेर पडले. शाळेत गेले असतील असं मला वाटलं. थोड्या वेळानं शेटला घेऊन आले.

शेट आला, मागोमाग गल्ली जमा झाली. अंगणात पावसात माणसं उभी, आत आलं नाही कुणी. शेटनं देग उचलून वजन पाहिलं, खाली ठेवली. "आमच्या घरात निघाली, आमची झाली," असं सरळ म्हणाला. आवाजात राग नव्हता, धाक नव्हता. भाव सांगावा तसं.

मी पुढं झाले. त्या गावात बाईमाणूस असं पुढं होत नसे. मी म्हटलं, "भांडी ज्यांची आहेत त्यांना द्या. सगळ्या गावाला ठाऊक आहे कुणाची ती."

अंगणातल्या माणसांनी माना वळवल्या. अक्का कुंपणापलीकडं उभी होती, ती खाली बघत होती. आणि हे, माझा नवरा, म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका शेट. माहेरची आठवण येते तिला."

ते वाक्य मी आयुष्यभर विसरले नाही. त्यानंतर आम्ही खूप वर्षं संसार केला, पण ते वाक्य मध्ये तसंच राहिलं.

शेट हसला. "बाई म्हणत्यात तर विचारू की. बोलवा तिला."

बूबू आली. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय चिखलानं भरलेले. शेट माझ्या दारात उभा होता. तो म्हणाला, "बूबू, ह्या मास्तरीणबाई म्हणत्यात, भांडी तुझी हाईत. बघ बरं. तुझी असली तर घिऊन जा."

तिनं पायरीवरूनच आत पाहिलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. देगीवर नजर गेली, लोट्यावर गेली, पानदानावर थांबली. क्षणभर तिचा हात ओढणीखालून बाहेर आला, मग परत आत गेला.

"नई जी," ती म्हणाली. "मेरे नई ये."

"नीट बघ."

"देखी ना. मेरे नई."

ती वळून गेली. शेटच्या गड्यानं भांडी पोत्यात भरली. अंगण रिकामं झालं.

दुपारी मी चिखल तुडवत तिच्या भावाच्या घरी गेले. ती पडवीत बसली होती, पुढ्यात माझी वाकळ. तिनं टाके उसवायला घेतले होते. लुगडी एकेक करून वेगळी काढून घडी घालत होती.

"असं का बोललात?" मी विचारलं. "ती तुमचीच होती."

"व्हय, माझीच व्हती. सासूनं दिली व्हती मला." ती मराठीतच बोलत होती, हळू. "तुमाला कुनी सांगितलं व्हतं मधी पडाया?"

"अन्याय होता तो."

"तुमी बदलीवर जाल बाई. माझ्या भावाचा माल त्याच्याच अडतीवर जातुया. त्यानं न्हाय घेतला तर आमी काय खावं?" मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काही माया नव्हती. "भितीत हाईत, एवढं तरी ठाव व्हतं मला. रोज पायरीवर बसून मनातल्या मनात मोजायची मी. आता ते बी ऱ्हायलं न्हाय."

तिनं घडी केलेली लुगडी माझ्या हातात दिली. शिवलेल्या टाक्यांच्या खुणा त्यांवर ओळीनं दिसत होत्या.

पौषात आभाळ उघडलं. शेतातली ज्वारी काळी पडली होती, गल्लीत जो तो त्याच दुःखात होता, आणि त्यांना दुसरं काही बोलायचंही नव्हतं. अक्का कुंपणाशी येईनाशी झाली. शेटनं भिंत बांधून दिली नाही. तिथं आम्ही पोतं लावून घेतलं. बूबू समोरून आली तर गल्ली बदलायची. हे शाळेत जात राहिले. त्यांना लोक पूर्वीसारखेच नमस्कार करत, किंबहुना जास्तच. उन्हाळ्यात तेरला बदली झाली तेव्हा शाळेनं त्यांना हार घातला, आणि शेटनं भाषणात सांगितलं की मास्तर गावात असे राहिले जसे गावचेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बायकांत बसले होते. माझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती.

तेरला आम्ही बरीच वर्षं काढली. तिथं माझी भाकरी मोडेनाशी झाली. मी 'व्हय'ही म्हणायला शिकले. पण कुणाच्या घरात काय चाललंय हे मी कधी विचारलं नाही, आणि कुणी सांगायला आलं तर मी कामाला लागायची. त्यामुळं तिथल्या बायका मला भली बाई म्हणायच्या.

खूप पुढं एकदा उमरग्याच्या मोटार स्टँडवर अक्का भेटली. केस पिकले होते, आवाज तोच. माझा हात धरून रडलीच ती. बूबू गेली म्हणाली, भाऊ सोलापूरला गेला. शेटच्या पोरीच्या लग्नात ती देग रुखवतावर मांडली होती, घासून लखलखीत, तेही तिनं सांगितलं. अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि सुस्कारा टाकून म्हणाली, "त्या साली पाऊसच लई वंगाळ पडला बघा."

मग तिची गाडी लागली आणि ती गर्दीत घुसून जागा धरायला गेली.