गोळीची सवय

माझी दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या वेळी रक्त फार गेलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी मिस्टरांना समोर बसवून सांगितलं, "तिसरं नको. हिच्या जिवावर बेतेल." रक्त कमी म्हणून माझं मूल बंद करायचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. तांबी बसवली, पण तिच्यामुळे अंगावरून फार जायचं, म्हणून काढली. उरला निरोध, आणि तो यांच्या हाती.

पुरुषांसाठी गोळी येणार असल्याची बातमी मीच यांना मोबाईलवर वाचून दाखवली. हे लगेच म्हणाले, "आली का घेतोच मी. तुले कायले तरास?" मला भरून आलं. आमच्या घाटंजीकडच्या गावात असं बोलणारा दुसरा नवरा मी पाहिला नव्हता. पुरुषांचं ऑपरेशन आजही होतं, असं मी म्हटलं की मात्र हे उठून बाहेर जायचे.

सासूबाई डाळ निवडत होत्या. "माह्या पोराले गोळ्या चारतं काय? ताकद गेली तं फवारणीचा पंप कोन उचलन, तू?"

"गोळीनं काई होत नाई, माय," हे हसले.

गोळी बाजारात यायची होती. तोवर सवय लागावी म्हणून मी सुचवलं, जेवण झालं की माझी कॅल्शियमची एक गोळी घ्यायची. हे तयार झाले. कपाशीवर फवारणी सुरू झाली तसे हे लाल डोळ्यांनी, अंगाला औषधाचा वास घेऊन घरी येऊ लागले. तोंडाला साधा रुमालही नसायचा.

त्याच दिवसांत माझी पाळी लांबली. तपासणीची पट्टी आणायला मी घाटंजीला गेले. कॅल्शियमच्या गोळ्याही संपत आल्या होत्या, म्हणून मेडिकलवाल्याला दाखवायला पाकीट सोबत नेलं. परत आले तेव्हा यांचं जेवण झालं होतं.

"गोळी घेतली?"

"घेतली ना."

"कधी?"

"आत्ताच, जेवल्यावर. मायले विचार."

सासूबाईंनी मान डोलावली.

गोळ्यांचं पाकीट तर माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होतं. यांचा चेहरा रोजच्यासारखाच होता, तेवढाच शांत, तेवढाच प्रेमळ. अंधारात निरोधाचं मी असंच विचारायचे. तेव्हाही हे याच आवाजात हो म्हणायचे.

मी पट्टी काढली आणि न्हाणीकडे निघाले. मागून हे म्हणाले, "उद्या आठवण देजो बरं."