सहा बॉलचा दशांश

पाचवीतल्या माझ्या लेकीनं दप्तर आपटलं आणि जाहीर केलं, “मला दशांश नाय जमत. बाईंनी फळ्याजवळ बोलावलं तर मी शाळेतच नाय जानार.” वर्गात ती कधीच हात वर करत नाही, हे मला ठाऊक होतं. चुकलं तर सगळे हसतील, याची एवढी धास्ती. बायको म्हणाली, शिकवणी लावू. मला रागच आला. घरात मी असताना शिकवणी?

दशांश म्हणजे माझा प्रांत. भात काढून झालं की आमच्याकडे खाचरं सपाट करून टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. शहापूर ते मुरबाड, कुठंही असो, मांडवात वही घेऊन स्कोर लिहायला मीच असतो. तीन पॉइंट चार म्हणजे तीन ओव्हर चार बॉल. पॉइंट लिहिण्यातच आयुष्य गेलं माझं!

लेकही क्रिकेटवेडी. पाच मिनिटांत तिला सगळं उमगलं.

“दोन पॉइंट तीन अधिक एक पॉइंट चार?”

तिनं बोटांवर मोजलं. “तीन ओव्हर, सात बॉल... म्हंजे चार पॉइंट एक!”

“शाब्बास!”

अशी तीस गणितं केली. एकही चुकलं नाही. मी बायकोसमोरून उगाचच दोन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. लेकीनं वर्षात पहिल्यांदा हात वर केला होता आणि फळ्यावर २.३ अधिक १.४ चं उत्तर ४.१ लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, ३.७. लेक म्हणाली, ओव्हरला सात बॉल कसे असतील? निम्मा वर्ग तिच्या बाजूनं उभा राहिला. एकानं तर बोट वर करून बाईंना आउट दिलं.

“आता तुम्हीच येऊन मिटवा,” बाई म्हणाल्या.

बाईंशी भांडायचंच, असं ठरवून मी मोटारसायकल काढली. वाटेत मीटरवरच्या किलोमीटरच्या आकड्यांकडे लक्ष गेलं. पॉइंटनंतरचा आकडा पाच, सहा करत सरळ सात, आठ, नऊवर गेला आणि मगच पुढचा किलोमीटर लागला. मला घाम फुटला.

वर्गात बाईंनी खडू माझ्या हातात दिला. लेक पहिल्या बाकावरून ऐटीत बघत होती. आता पप्पा बाईंना दाखवतील, असा तिचा चेहरा. एक क्षण वाटलं, मैदानात काम आहे सांगून सटकावं.

“बाईंचं बरोबर आहे,” मी म्हणालो. “मीच चुकीचं शिकवलं. दशांशात ओव्हर दहा बॉलची असते.” आणि ३.७ लिहिलं.

वर्ग खदाखदा हसला. मागून कुणीतरी विचारलं, “काका, वाईड धरून का?” मलाही हसू आवरेना. लेक मात्र मान खाली घालून बसली. ही आता परत कधी हात वर करायची नाही, आणि ते माझ्यामुळे, या विचारानं रात्री मला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी ती शाळेतून आली आणि पाणी पिता पिता म्हणाली, “आज मी परत फळ्यावर गेलते.”

“बरोबर आलं?”

“नाय. सगले हसले.”

माझं तोंड उतरलं.

“त्यात काय पप्पा,” ती म्हणाली, “तुमाला पन हसलेच ना. उद्या परत जानार हाय मी.”