दिघीच्या खाडीत बुडवलेली बाज

महाडचे जोशी गुरुजी नसते, तर मी आज वडिलांच्या मागे बैलगाडीच हाकत असतो. त्यांनी चार वर्षे मला स्वतःच्या घरात ठेवले, शिकवले आणि पुढे मुंबईला कॉलेजात धाडले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. गिरगावातल्या शाळेत मला नोकरी लागली, आणि पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीआधी गुरुजींचे पत्र आले. थोरली मुलगी कुसुमताई दिघीला असते, तिच्याकडे उतर, समुद्र बघ, असे त्यात होते. 'मुलगा स्वच्छ, नीटनेटका आहे, असे तिला कळवले आहे,' हेही होते.

धनत्रयोदशीला ट्रंक आणि वळकटी घेऊन मी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने निघालो. रेवस दिसू लागले तेव्हा वाऱ्याने माझी टोपी उडवून पाण्यात नेली. शेजारची कोळीण टोपलीला टेकून बसली होती. दर्याने आपला वाटा घेतला, आता प्रवास बरा होईल, असे तिने मला समजावले. रेवसहून एस.टी., रेवदंड्याला तरीतून (नावेतून) खाडी ओलांडून साळाव, पुन्हा एस.टी., मग मुरूड. एका वळणावर समुद्रात उभा जंजिरा दिसला आणि सगळी गाडी एका बाजूला झुकली. आगरदांड्याहून मचव्याने खाडी ओलांडली, तेव्हा पलीकडच्या धक्क्यावर कुसुमताईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मला न्यायला उभे होते. ते बंदरावर कारकून होते.

घर लहान, पण अंगण इतके सारवलेले की चप्पल काढूनही पाय टाकायला संकोच वाटावा. ताईंनी गूळपोहे आणि ओल्या नारळाच्या करंज्या पुढे ठेवल्या. घरात गडबड होती. ताईंची नणंद विमल हिचा साखरपुडा कार्तिकी पौर्णिमेला ठरला होता. मुलाकडची पाच माणसे बोर्ली पंचतनहून येऊन मुक्काम करणार होती. सासूबाई हयात नव्हत्या, त्यामुळे सगळी जबाबदारी ताईंवर. मुलाची आत्या फार चिकित्सक आहे, असेही कानावर आले.

चार दिवस मी खाडीकाठी मनसोक्त हिंडलो. भाऊबीजेला सकाळी विमल हात खाजवत आली. दंडावर ओळीने लाल गांधी उठल्या होत्या. ताईंनी तिच्या बाजेची (खाटेची) सुतळी बाजूला सारली, आणि लाकडाच्या सांध्यात दोन ढेकूण दिसले.

मलेरियाचे लोक उन्हाळ्यात येऊन भिंतींवर डीडीटी मारून गेले होते. फवारा मारलेल्या घरात ढेकूण होत नाही, अशी गावाची खात्री होती. म्हणजे दोष घर राखणाऱ्या बाईचा. आत्याबाईंना एक जरी चावला, तरी 'ढेकणांचे घर' हे नाव पंचक्रोशीत पडणार आणि विमलचे लग्न मोडणार, एवढेच ताई म्हणत होत्या. त्यांनी त्याच दिवशी अंगण दोनदा सारवले.

उपाय गावाला ठाऊक होता. भरतीच्या आत बाज खाडीत नेऊन खुंट्याला बांधायची. ओहोटी लागेपर्यंत ढेकूण बुडून मरतात. आम्ही दोन बाजा उचलून नेल्या. संध्याकाळी भिजलेली बाज अंगणात उन्हाच्या तिरिपीत टेकवली, आणि घटकाभरात सांध्यातून एक ढेकूण बाहेर येऊन आरामात चालू लागला.

पांडू नाखवा (होडीचा मालक) शेजारीच राहत असे. तो कुंपणावरून हे पाहत होता.

"मास्तर, पान्यानं मरंल व्हय तो? आमची होरी (होडी) बारा म्हयने पान्यात ऱ्हाते, तरी तिला कीड लागतेच. फटीत हवा धरून बसतो भडवा."

मग होडीचे काय करता, असे मी विचारले. उधाणाच्या भरतीला होडी वर ओढायची, पाणी उतरले की खाली सुक्या झावळ्या पेटवून बूड शेकायचे, असे त्याने सांगितले. "पन येकदा शेकून भागत न्हाय. अंडी ऱ्हातात. पुढच्या उधानाला परत शेकायची. पयल्या वक्ताला आई मरते, दुसऱ्याला पोरं."

मी वळकटी झटकायला घेतली, ती नाखव्याच्या बोलण्याने नव्हे, नुसत्या शंकेने. गादीच्या शिवणीत काळे ठिपके होते, आणि त्यांच्या मधोमध एक लठ्ठ ढेकूण. गिरगावातल्या माझ्या खोलीत ते होतेच. मला त्यांची सवय झाली होती. स्वच्छ, नीटनेटक्या मुलाने ते लाँचमधून, तरीतून, मचव्यातून इथवर आणले होते. वळकटी बांधून गप्प बसावे, असे क्षणभर मनात आले. पण ताई अंगणात तिसऱ्यांदा शेण कालवत होत्या.

मी गादी तशीच त्यांच्यापुढे नेऊन पसरली आणि म्हणालो, "ताई, तुमच्या घराचा दोष नाही. हे माझ्याबरोबर आले."

त्यांनी वाकून शिवण पाहिली. मग शेणाचे हात तसेच वर धरून हसू लागल्या. "डिग्री आणलीस ती आणलीस, मागून ही वरातसुद्धा? विमल, बघ गं, आपल्याआधी याचेच वऱ्हाड आले."

दुसऱ्या दिवशी आमचे अंगण म्हणजे होड्या शेकण्याची जागा झाले. बाजेला आग चालत नाही, म्हणून उकळते पाणी. नाखव्याची बायको तिचा मोठा हंडा घेऊन आली. सुतळी सोडून उकळत्या पाण्यात टाकली. सांध्यासांध्यात किटलीने पाणी ओतले, फटींत झाडूच्या हिराने घासलेट फिरवले. अभ्रे उकळले, गाद्या दिवसभर कातळावर तापत ठेवल्या. नंतर बाजेचे पाय करवंट्यांत ठेवून त्यांत घासलेटमिश्रित पाणी ओतले, म्हणजे खालून कोणी चढू नये. विमल आणि भाऊजींनी सुतळी पुन्हा विणली, ती एका बाजूला तिरकी झाली, आणि त्यावरून दोघांचे भांडणही झाले.

नंतर कोणाला काही चावले नाही. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास भाऊजी म्हणाले, आता पुन्हा कशाला तो खटाटोप. पण उधाण जवळ आले होते, आणि नाखवा रोज कुंपणावरून विचारून जात होता. मी सुतळी सैल केली. सांध्यात खसखशीएवढी, फिकट, नुकती जन्मलेली चार-पाच पोरे होती. हंडा पुन्हा चुलीवर चढला.

पौर्णिमेला साखरपुडा झाला. दुसऱ्या सकाळी आत्याबाई सर्वांत उशिरा उठल्या. आपल्या घरीसुद्धा इतकी गाढ झोप लागत नाही, असे त्यांनी ताईंना सांगितले, आणि बाज तेवढी तिरकी विणली आहे, असेही सांगितले.

मुंबईला परतल्यावर मी आधी खोलीतली खाट उकळत्या पाण्याने धुतली, मग पत्र लिहायला बसलो. ढेकूण घाणीचा पाहुणा नव्हे, सामानाचा सोबती आहे, हे मी या प्रवासात शिकलो. पण हे शिकलेले ज्यांना सांगणे सर्वांत कठीण, त्यांनाच आधी सांगायला हवे होते. पत्र असे:

ती. गुरुजींच्या चरणी सा. नमस्कार.

विमलताईंचा साखरपुडा थाटात झाला. कुसुमताई लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितो. त्यांच्या घरात माझ्या वळकटीतून ढेकूण गेले. सर्वांनी मिळून ते घालवले.

दसऱ्याला मी तुमच्याकडे दोन रात्री राहिलो, तेव्हा हीच वळकटी तुमच्या पलंगावर पसरली होती. काकूंना अंगाला खाज सुटत असेल, तर ती उष्णतेची नव्हे, माझी आहे. त्यांनी स्वतःला किंवा घराला दोष देऊ नये. पलंग मात्र कोणाकडे देऊ नये, बुडवायला विहिरीवरही नेऊ नये. शनिवारी मी येतो. मोठा हंडा तेवढा काढून ठेवावा.

त्यानंतरच्या पंधरवड्याला मी पुन्हा येईन. तेव्हा सर्व ठीक दिसले, तरी मला येऊ द्यावे.

आपला,
दत्ता