बुधवारच्या बाई

बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली की वत्सलाबाई फणसळकर टेबलावरची पितळी घंटा उचलून एकदाच वाजवत. समोर कितीही मोठा लेखक बोलत असो, त्याचं वाक्य अर्धं असो की त्यातलं क्रियापद तेवढं राहिलेलं असो, घंटा वाजली म्हणजे व्याख्यान संपलं. पुण्याचे एक नामवंत कादंबरीकार एकदा घंटेनंतरही बोलत राहिले. बाईंनी त्यांच्या पुढ्यातला पाण्याचा पेला उचलला आणि शांतपणे म्हणाल्या, "पुढचं आम्ही पुस्तकात वाचू. या लोकांना फाटक गाठायचं आहे."

चिंचवडजवळ मुंबई-पुणे रस्त्याच्या एका अंगाला आमचा बाटल्यांचा कारखाना होता आणि दुसऱ्या अंगाला, बरोबर समोर, सार्वजनिक वाचनालयाची पत्र्याची इमारत. ही पंचावन्न-छप्पन्न सालची गोष्ट. तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारीची शेतं होती आणि दुपारी रस्त्याने दहा मिनिटांत एखादा ट्रक गेला तर गेला. बाराला जेवणाचा भोंगा व्हायचा, पाऊण वाजता दुसरा. दुसऱ्या भोंग्याला आत नसलेल्याला फाटक बंद, अर्धा दिवस गैरहजर. या पंचेचाळीस मिनिटांतली पंचवीस मिनिटं बाईंनी आमच्यासाठी मागून घेतली होती. दर बुधवारी कुणीतरी लेखक, कुणी कीर्तनकार, कुणी पेटीवाला. दारावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती: "व्याख्यानास वर्गणी नाही. भाकरी सोबत आणावी."

बाई मूळच्या कोकणातल्या. लहान वयात विधवा झाल्या, पुण्याला शिकल्या, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि चाळिशीत या वाचनालयात आल्या. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, पण प्रत्येक शब्द सुटा. लेखकांना त्या स्वतः पोस्टकार्डं लिहून बोलावत. मानधन नव्हतंच. व्याख्यानानंतर मागच्या खोलीत त्यांच्या हातचा आमटी-भात मिळे. आम्हा कामगारांना त्या 'अहो' म्हणत. आयुष्यात आम्हाला 'अहो' म्हणणारं ते पहिलंच शहाणं माणूस, त्यामुळे सुरुवातीला आम्ही मागे वळून बघायचो की बाई कुणाशी बोलताहेत.

एका कवींना आमच्या कांदा फोडण्याचा त्रास झाला. ते म्हणाले, "आधी यांचं जेवण उरकू द्या, मग मी सुरू करतो." बाई म्हणाल्या, "असं बघा, जेवण उरकलं की भोंगा होतो. तुम्ही बोला. यांची तोंडं भरलेली आहेत, कान मोकळे आहेत." कवी हसले आणि बोलले, आणि फार छान बोलले.

व्याख्यान चालू असताना बाई कागदाची सुटी पानं रांगेतून फिरवत. ज्याने त्याने आपलं नाव लिहायचं आणि त्याखाली मनात आलेलं एखादं वाक्य. कागद वाया जाऊ नये म्हणून पुढच्या बाजूला एक माणूस, मागच्या बाजूला दुसरा. संध्याकाळी त्या ही पानं दाभणाने शिवून वहीत घालत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते अंगठ्यासाठी शाई मागत. बाई शाईची दौत लपवून ठेवत. "अंगठा नको. आज एक अक्षर लिहा. पुढच्या बुधवारी दुसरं."

माझ्या शेजारी बसणारा रावजी घुगे असाच एकेक अक्षर शिकला. निजामाच्या मुलखातून, बीडकडून आलेला. मी कुरुळीचा, घरची शेती भावावर टाकून, वडिलांशी भांडून सायकलवर कामाला येणारा, सातवी पास. भट्टीवर आम्ही दोघं एका पाळीला असायचो. भट्टीच्या तोंडासमोर पत्र्याचा आडोसा असायला हवा होता. तो तुटून तीन महिने झाले होते. मी मिस्त्रीला दोनदा सांगितलं. दोनदा तो म्हणाला, "आज होईल, उद्या होईल." एके दिवशी वितळलेली काच उडाली आणि रावजीचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. ऑफिसने लिहून ठेवलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

त्याच आठवड्यात बाईंनी मुंबईच्या गिरणीत पंधरा वर्षं काढलेल्या एका लेखकाला बोलावलं होतं. महिनाभर आधी पत्र गेलं होतं, ठरवून काही झालं नव्हतं. त्यांनी साच्यात, म्हणजे यंत्रमागात, बोटं गेलेल्या विणकराची गोष्ट वाचून दाखवली. त्या दिवशी कुणी भाकरीचा तुकडा मोडला नाही. पानं फिरली आणि कुणी कुणाला न सांगता प्रत्येकाने आपल्या भट्टीबद्दल लिहिलं. मी लिहिलं, "आडोसा तुटलेला आहे हे मी मिस्त्रीला दोनदा सांगितलं होतं." खाली सही केली. माझ्या पानाच्या मागे रावजीने, बांधलेला हात मांडीवर ठेवून, उजव्या हाताने लिहिलं: रावजी मारुती घुगे. नुसतं नाव. त्याचं पहिलं पूर्ण नाव.

दोन दिवसांत ही गोष्ट ऑफिसात पोहोचली. लेबर ऑफिसर वाचनालयात गेले आणि वही मागितली. बाई म्हणाल्या, "वही ऐकणाऱ्यांची आहे." ऑफिसर तसेच परत गेले. पण कारखान्यात बातमी पसरली की वहीतली नावं मिळाली की एकेकाला काढणार. मी अजून हंगामी होतो. नव्या वर्षात कायम व्हायचं होतं. घरात बायकोला सातवा महिना होता आणि वडील अजून माझ्याशी बोलत नव्हते. नोकरी गेली असती तर कोणत्या तोंडाने परत घरच्या शेतीवर गेलो असतो?

पाळी सुटल्यावर मी वाचनालयात गेलो. बाई कपाटाजवळ उभ्या होत्या.

"बाई, माझं पान तेवढं काढून द्या."

त्यांनी कारण विचारलं नाही. वही काढली, पान शोधलं आणि उलटून बघितलं. "मागे रावजी आहेत," त्या म्हणाल्या. "कागद एक आहे, माणसं दोन आहेत. त्यांना विचारून या. ते हो म्हणाले तर मी आत्ता फाडून देते."

"तुम्ही रागावलात का?"

"नाही हो, सोपानराव. तुमचं पान आहे, मागायचा तुम्हाला हक्क आहे. फक्त त्यांनाही आहे."

रावजी स्टेशनामागच्या झोपडीत राहत होता. बाहेर बाजेवर बसून तो एका हाताने विडी पेटवायला बघत होता. मी काडी ओढून दिली आणि सांगितलं. त्याने विडीचा एक झुरका ओढला. मग म्हणाला, "फाड की. पोटुशी बाई हाय तुह्या घरी. पर मव्हं नाव तेवढं कातरून ठिव. जल्मात पहिल्यांदा समदं नाव लिवलंय म्या."

तो नको म्हणाला असता तर मी भांडलो असतो. तो हो म्हणाला, आणि मला परत वाचनालयात जाववेना. तसाच सायकल काढून घरी गेलो. पान वहीतच राहिलं. हे धाडस होतं असं कुणी समजू नये. पुढच्या बुधवारी काय झालं ते सांगतो, म्हणजे कळेल.

त्या बुधवारी बाराचा भोंगा झाला. आम्ही फाटकाबाहेर आलो तर वाचनालयाच्या पायरीवर लेबर ऑफिसर उभे. हातात डायरी, पेन उघडलेलं. जो आत जाईल त्याचं नाव लिहिणार हे सांगायची गरज नव्हती. आम्ही रस्त्याच्या अलीकडे, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली थांबलो. तिसेक माणसं, हातात भाकरीची फडकी, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. समोरच्या उघड्या दारातून आतल्या रिकाम्या सतरंज्या दिसत होत्या. पाहुणे म्हणून आलेले वनखात्यातले निवृत्त गृहस्थ खुर्चीत बसलेले दिसत होते. पक्ष्यांवर त्यांचं पुस्तक होतं. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

बारा दहा झाले. आतून बाईंचा आवाज आला, नेहमीच्याच पट्टीतला. "आजचे पाहुणे सुगरणीच्या घरट्याविषयी बोलणार आहेत." रिकाम्या खोलीला त्यांनी पाहुण्यांची ओळख करून दिली. पाहुणे बोलायला उभे राहिले. रस्त्याच्या अलीकडे आम्हाला एकेक शब्द ऐकू येत होता आणि आमच्यातला एकही जण हलत नव्हता.

तेवढ्यात रावजी निघाला. भाजल्यापासून तो कामावर नव्हता, पण बुधवार म्हणून आला होता. बांधलेला हात छातीशी धरून तो रस्ता ओलांडून पायरीपाशी गेला.

ऑफिसरांनी विचारलं, "नाव?"

"लिवा सायेब. रावजी मारुती घुगे." तो डायरीत वाकून बघू लागला. "घु ऱ्हस्व लिवलाय तुमी? बाईनं ऱ्हस्वच सांगितलाय. बराबर हाय." आणि आत जाऊन पहिल्या सतरंजीवर बसला.

त्याच्यामागून दोघं गेले. मग चौघं. शेवटी अकराजण आत बसले. मी गेलो नाही. माझ्या पायांना कुणी धरलं नव्हतं. कडुनिंबाला पाठ लावून मी पंचवीस मिनिटं उभा राहिलो, घंटा ऐकली, आणि भोंग्याच्या आधी सगळ्यांत पहिला फाटकातून आत गेलो.

शनिवारी वाचनालय समितीचे अध्यक्ष बाईंकडे आले. आमच्या बाटल्यांच्या खोक्यांत भरायचा पेंढा तेच कारखान्याला पुरवत, त्यामुळे ते कुणाचा निरोप घेऊन आले हे उघड होतं. वही द्या नाहीतर किल्ल्या द्या, असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या, "सोमवारी दुपारी किल्ल्या मिळतील."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाई पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आल्या. काखेत कापडात गुंडाळलेला गठ्ठा होता. वहीची शिवण त्यांनी उसवली होती. कडुनिंबाखाली उभ्या राहून त्या एकेक पान काढून त्यावरची नावं पुकारू लागल्या. फाटकावरचा पहारेकरी बघत होता, ऑफिसच्या खिडकीतून दोघं-तिघं बघत होते. बाईंचा आवाज तेवढा किंचित चढला होता.

"ज्याचं पान त्याला. जाळायचं त्याने जाळावं, ठेवायचं त्याने ठेवावं. दुसऱ्या कुणाला द्यायचा मला अधिकार नाही."

मग आमचं पान आलं. "सोपान सोनवणे आणि रावजी घुगे." आम्ही दोघं पुढे झालो. त्यांनी पान धरून ठेवलं होतं, कुणाच्या हातात द्यायचं ते आमच्यावर सोडून. मी म्हणालो, "त्याला द्या." त्यांनी पान रावजीच्या उजव्या हातात ठेवलं.

त्याच संध्याकाळी रावजीच्या झोपडीपाशी माणसं जमली. सगळी पानं एका लखोट्यात घालून पुण्याच्या सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे पाठवायची, असं ठरलं. ज्यांना भीती होती त्यांनी पान परत न्यावं, असं रावजीने स्वतः सांगितलं. चौघांनी नेलं. आमच्या पानाचं काय, म्हणून तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "पाठव."

महिन्याभराने इन्स्पेक्टर आले. न सांगता आले आणि थेट भट्टीवर गेले. आठ दिवसांत नवा आडोसा बसला. रावजीला भरपाई मिळाली, पण परत कामावर घेतलं नाही. त्याच्यासोबत रस्ता ओलांडणाऱ्या आणखी दोघांनाही काढलं. डायरीत ज्यांची नावं होती त्यांच्यातलेच ते. माझं नाव डायरीत नव्हतं. जानेवारीत मी कायम झालो. पेढे वाटले नाहीत. रावजी खडकीला एका गोदामात लागला. तिथे त्याला पावतीपुस्तकावर सही करावी लागे, याचा त्याला कोण अभिमान.

बाई तळेगावला भावाकडे गेल्या आणि तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. वाचनालय नंतर फक्त संध्याकाळी उघडं राहायचं. बुधवार बंद पडले ते पडलेच.

सात-आठ वर्षांनी बाई वारल्या. त्याआधीच्या दिवाळीत मी मुलीला घेऊन त्यांना भेटायला गेलो होतो. त्या थकल्या होत्या, पण मुलीला त्यांनी वाचायला बसवलंच. ती धडा वाचत असताना मी मान खाली घालून म्हणालो, "बाई, त्या बुधवारी मी रस्ता ओलांडला नाही."

"मला माहीत आहे."

"मला फार भीती वाटली होती. तुमच्यासारखा धीर नाही माझ्यात."

मुलगी कुठेतरी अडखळली, तिला त्यांनी शब्द सांगितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असं बघा, सोपानराव, माझे हात इतके कापत होते की पाहुण्यांना पाण्याचा पेला देता आला नाही. ठोक्याला बारा दहाला सुरुवात केली ती त्यासाठीच. आणखी पाच मिनिटं वाट बघितली असती, तर मी दाराला कुलूप लावून घरी निघून गेले असते."